एकच पत्ता, दोन वेळापत्रकं

मे महिन्यातला सोमवार. सकाळी साडेदहाला आमच्या प्रयोगशाळेत प्रात्यक्षिक परीक्षेची पहिली तुकडी बसायची होती. काटोलहून पहाटेची एसटी धरून आलेली मुलं दारात उभी होती. सावनेरची एक मुलगी वडिलांच्या मोटरसायकलवरून उतरत होती. आणि प्रयोगशाळेपासून चारशे पावलांवरच्या हॉस्टेलमधली मुलं कूलरसमोर गाढ झोपेत होती. त्यांच्या हिशेबाने परीक्षा बुधवारी होती.

वॉर्डनचा फोन आला. "सर, पोरं म्हणून राहिली परीक्षा परवा आहे. मला मोबाइलवर दाखवून राहिली. खरंच बुधवार लिहिलंय बघा."

परीक्षा विभागातल्या मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी आपला मोबाइल पुढे केला. "शनिवारीच बदललं मी, सर. घरून उघडून पाहिलं पण. हे बघा, सोमवारच आहे."

दोघंही खरं बोलत होते. दोघांनी एकच पत्ता उघडला होता, आणि तोही व्हॉट्सॲपवर फिरलेली एकच लिंक दाबून. गावातून येणाऱ्यांना नवं वेळापत्रक दिसत होतं आणि संकुलात राहणाऱ्यांना जुनं. मी नेटवर्क हा विषय शिकवतो आणि संगणक केंद्राचं अर्धं काम माझ्या गळ्यात आहे. त्यामुळे हे प्रकरण माझ्याच अंगावर आलं, आणि ते बरोबरही होतं, कारण चुकांपैकी निदान दोन माझ्या होत्या. संस्थेचं नाव झाकून परीक्षेच्या संकेतस्थळाला इथे 'परीक्षा.अमुक.एसी.इन' म्हणतो. आतले आकडेही थोडे बदलले आहेत. बाहेरचा जो आयपी पत्ता, म्हणजे यंत्राचा आकड्यांतला पत्ता, लिहिला आहे, तो अशा उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या मालिकेतला आहे, म्हणजे उगाच कुणाच्या खऱ्या यंत्रावर कुणी जाऊन धडकायला नको.

आदल्या आठवड्यात काय झालं होतं

हे संकेतस्थळ वर्षानुवर्षं आमच्याच सर्व्हर रूममधल्या एका यंत्रावर होतं. नागपूरचा मे ज्याने काढलाय त्याला पुढचं सांगायला नको. बाहेर ४५ अंश, आणि सर्व्हर रूमचा एसी दोनदा बसला. ऐन परीक्षेत ही जोखीम नको म्हणून संकेतस्थळ बाहेरच्या होस्टिंगवर न्यायचं ठरलं. शुक्रवारी रात्री मजकूर हलवला, आणि डोमेनच्या, म्हणजे संस्थेच्या इंटरनेटवरच्या नावाच्या, नोंदीत 'परीक्षा' या नावापुढचा पत्ता बदलून नव्या यंत्राचा टाकला : २०३.०.११३.४०. शनिवारी मॅडमनी होस्टिंगवाल्यांच्या पॅनलमधून नवं वेळापत्रक चढवलं, त्यात प्रात्यक्षिक बुधवारवरून सोमवारवर आलं. जुनं यंत्र आम्ही चालूच ठेवलं. "राहू द्या दोन दिवस, काही अडलं तर परत येता येईल," हे वाक्य माझंच.

एक गोष्ट आम्ही शहाणपणाने केली होती. डोमेनच्या प्रत्येक नोंदीला टीटीएल नावाचा आकडा असतो : हे उत्तर मिळाल्यावर किती सेकंद जपून ठेवायचं आणि मग पुन्हा विचारायचं. आमचा आकडा ८६,४०० होता, म्हणजे पूर्ण एक दिवस. बदलाच्या दोन दिवस आधीच तो ३०० वर आणला, म्हणजे पत्ता बदलल्यावर पाचेक मिनिटांत सगळीकडे नवं उत्तर मिळावं. वर्गात हे मी दरवर्षी शिकवतो. त्यामुळे सोमवारी सकाळी मला मनातून पूर्ण खात्री होती की गडबड डीएनएसची, म्हणजे नाव विचारलं की आकड्यांतला पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेची, नाही.

तीन चुकीचे अंदाज

पहिला अंदाज नेहमीचा : "नेट बंद आहे." आमच्याकडे प्रिंटर अडला तरी नेट बंद असतं आणि पासवर्ड चुकला तरी नेट बंद असतं. पण पान तर उघडत होतं, तेही झटकन.

दुसरा अंदाज, ब्राउझरने जुनं पान साठवून ठेवलं असेल. हॉस्टेलच्या मुलांना उठवून पान ताजं करायला लावलं, मग खासगी खिडकीत उघडायला लावलं. तिथेही बुधवारच.

तिसरा अंदाज प्रयोगशाळा सहायकाने काढला. "सर, डीएनएस पसरायला ४८ तास लागतात ना? होऊन जाईल उद्यापर्यंत." हे वाक्य इतक्या ठिकाणी ऐकू येतं की ते खरंच वाटायला लागतं. डीएनएसमध्ये काहीही पसरत नाही. कुणी दवंडी पिटत बाहेर पडत नाही. ज्याला हवं तो विचारायला येतो, उत्तर घेऊन जातो, आणि टीटीएल संपेपर्यंत तेच वापरतो. आमचा टीटीएल ३०० होता. शुक्रवार रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत ३०० सेकंद शेकडो वेळा उलटून गेले होते.

कुणीतरी हॅकिंगचाही विषय काढला. तो आमच्याकडे कुणीतरी काढतोच. मी हसलो नाही, कारण नाव तेच ठेवून लोकांना भलत्या यंत्राकडे वळवणं हा फसवणुकीचा खरा प्रकार आहे. पण वेळापत्रक बुधवारचं दाखवून कुणा चोराला काय मिळणार होतं?

एका खोलीतली दोन मुलं

धागा सापडला तो हॉस्टेलच्या एका खोलीत. दोन खाटा, एकच वायफाय. एका मुलाच्या मोबाइलवर बुधवार, दुसऱ्याच्या सोमवार. दुसरा मुलगा परीक्षेला जायच्या तयारीत होता. जोडीदाराला उठवलं का नाही म्हणून विचारलं, तर म्हणाला, "मला वाटलं त्याची बॅच वेगळी आहे."

एकाच वायफायवर दोन उत्तरं म्हटल्यावर तार, स्विच, फायबर, सगळे एका झटक्यात निर्दोष ठरले. वाट एकच होती. फरक होता तो वाट कुणाला विचारली यात. मी दुसऱ्या मुलाला म्हटलं, सेटिंग दाखव. त्याने गेम खेळताना अडखळायला नको म्हणून कुठेतरी पाहून डीएनएसच्या जागी हाताने ८.८.८.८ टाकून ठेवलं होतं. तो गूगलचा सार्वजनिक डीएनएस, २००९ पासून चालू असलेला. जोडीदाराने काहीच बदललं नव्हतं, म्हणून त्याला वायफायला जोडल्याबरोबर संकुलाच्या यंत्रणेने जे दिलं ते मिळालं होतं : स्वतःचा पत्ता, बाहेर पडायचा दरवाजा, आणि नावं विचारायची तर कुणाला विचारायची ते. ते म्हणजे आमचेच दोन डीएनएस सर्व्हर, १०.२०.०.५३ आणि १०.२०.०.५४.

खोलीत बसूनच लॅपटॉपवर एनएसलुकअप चालवलं, म्हणजे डीएनएस सर्व्हरला नावाचा पत्ता थेट विचारायची आज्ञा. आधी आमच्या सर्व्हरला विचारलं. उत्तर आलं १०.२०.४.१५, म्हणजे सर्व्हर रूममधलं जुनं यंत्र. मग तोच प्रश्न ८.८.८.८ ला टाकला. उत्तर २०३.०.११३.४०, नवं यंत्र. आणि या दुसऱ्या उत्तराच्या डोक्यावर एक ओळ होती, मराठीत सांगायचं तर 'हे उत्तर अधिकृत नाही'. पहिल्या उत्तरावर तशी ओळ नव्हती.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी जागा ही. खोटं उत्तर अधिकृत होतं आणि खरं उत्तर अनधिकृत. तो गेम खेळणारा पोरगा लगेच म्हणाला, "म्हणजे माझंच चुकीचं आहे का सर?" त्याची शंका रास्त होती. पण अधिकृत नाही याचा अर्थ एवढाच, की हा सर्व्हर त्या नावाचा मालक नाही, दुसऱ्याकडून ऐकलेलं सांगतो आहे. गूगलला आमच्या डोमेनची मालकी असायचं कारणच नाही. आमच्या सर्व्हरचं उत्तर मात्र ऐकीव नव्हतं. तो स्वतःला 'अमुक.एसी.इन'चा मालक समजत होता, म्हणून बाहेर कुणाला विचारायला जातच नव्हता. टीटीएल ३०० असो की ३, त्याला घेणंदेणं नव्हतं. जो विचारतच नाही त्याची आठवण शिळी होत नाही.

नाव कोण सांगतं

इथे थोडं मागे जाऊ. पाकिटावर आपण पत्ता घर, गल्ली, वस्ती, शहर असा लहानाकडून मोठ्याकडे लिहितो, आणि टपाल तो खालून वर वाचतं : आधी नागपूर, मग धरमपेठ, मग गल्ली. डोमेनही तसंच, उजवीकडून डावीकडे वाचायचं. ८.८.८.८ सारखा सर्व्हर आधी मूळ सर्व्हरला विचारतो, 'इन' कुणाकडे? मूळ सर्व्हरांची नावं तेरा, 'ए'पासून 'एम'पर्यंत, पण प्रत्येक नावामागे जगभर पसरलेली पुष्कळ यंत्रं आहेत. तिथून 'इन'च्या नोंदवहीकडे, जी भारतात निक्सी ही संस्था चालवते. मग 'एसी.इन' खालचं अमुक कुणाकडे, आणि शेवटी अमुकच्या सर्व्हरला : परीक्षा कुठे? 'एसी.इन' हे नाव कुणीही उठून विकत घेऊ शकत नाही. ते शिक्षणसंस्थांनाच मिळतं आणि नोंदणी अर्नेट या संस्थेकडे करावी लागते, ज्या अर्नेटने १९८६ पासून देशातल्या संस्थांना जाळ्यात आणायचं काम सुरू केलं.

प्रत्येक पायरीवरचा सर्व्हर फक्त पुढचं दार दाखवतो. ही साखळी पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. त्याआधी सगळ्या यंत्रांची नावं नि पत्ते एकाच फाइलमध्ये असायचे. कॅलिफोर्नियातली एक संस्था ती फाइल सांभाळायची आणि बाकीचे आपापल्याकडे उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली तशी ती पद्धत कोसळली. या फाइलचा उल्लेख मी उगाच केलेला नाही, ती पुढे पुन्हा भेटेल.

आता आमचं. संकुलात बसलेला माणूस 'परीक्षा' म्हणतो तेव्हा या साखळीची पहिली कडीही हलत नाही. त्याच्या तोंडचं नाव दाराशीच अडवून आमचा सर्व्हर म्हणतो, हे तर आपल्याच घरचं, हा घे पत्ता. एकाच डोमेनच्या दोन वह्या झाल्या होत्या, एक जगासाठी आणि एक घरासाठी. शुक्रवारी आम्ही जगाची बदलली.

घरची वही कुणी आणि का केली, हे केंद्रातल्या कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ सरांना फोन लावला. ते दुपारच्या जेवणाला बसले होते.

"अरे बावा, ते मीच केलं होतं," ते म्हणाले. "तेव्हा आतून आपलंच पान उघडत नव्हतं ना. काहून म्हणशील तर फायरवॉलमुळे. बाहेरच्या पत्त्यावर जायचं आणि परत आत यायचं, हे त्याला जमतच नव्हतं."

सरांनी एका वाक्यात सांगितलं ते असं. आतल्या संगणकाने बाहेरच्या पत्त्याला हाक मारली की ती फायरवॉलकडे, म्हणजे आत-बाहेरच्या दारावरच्या पहारेकऱ्याकडे जायची, आणि फायरवॉल ती आतल्या यंत्राकडे, १०.२०.४.१५ कडे वळवायचा. यंत्र पाहायचं की हाक मारणारा तर आपल्याच आवारातला, मग उत्तर फायरवॉलला वळसा घालून थेट त्याच्याकडे पाठवायचं. हाक मारणारा गोंधळायचा. हाक एकाला मारली, ओ दुसराच देतोय, म्हणून तो उत्तर टाकून द्यायचा. १०ने सुरू होणारे पत्ते खासगी असतात, ते फक्त आवारात चालतात, त्यामुळे हा घोळ बाहेरच्याला कधी दिसायचा नाही. त्यावर सरांनी उपाय काढला तो असा की आतल्यांना आतलाच पत्ता सांगायचा. उपाय चोख होता, वर्षानुवर्षं चालला. फक्त तो लिहून ठेवलेला नव्हता.

आणि ब्राउझरने कुठेही धोक्याची सूचना का दिली नाही? संकेतस्थळाची ओळख पटवणारं प्रमाणपत्र नावाचं असतं, पत्त्याचं नसतं. 'परीक्षा.अमुक.एसी.इन' या नावाचं वैध प्रमाणपत्र जुन्या यंत्रावर होतं आणि नव्यावरही. ब्राउझरच्या दृष्टीने दोन्ही खरेच.

दुरुस्ती, आणि दुरुस्तीची दुरुस्ती

प्रयोगशाळेतली पहिली तुकडी तोवर सुरू झाली होती. हॉस्टेलवाल्यांची तुकडी दुपारी तीनला घ्यायची असं विभागप्रमुखांनी ठरवलं. वॉर्डननी मेसच्या दारावर हाताने लिहिलेला कागद लावला. त्या दिवशी संकुलात सगळ्यात भरवशाची माहिती त्या कागदावर होती.

घरची वही सरळ काढून टाकावी असा पहिला विचार आला. पण तिच्यात ग्रंथालयाची सूची, हजेरीचा सर्व्हर, प्रिंटर अशी कितीतरी नावं होती जी बाहेर कुठेच नाहीत. वही फाडली असती तर ग्रंथालय बंद पडलं असतं. म्हणून एकच ओळ बदलली, १०.२०.४.१५ च्या जागी २०३.०.११३.४०. वेळ दुपारी बारा दहा.

प्रशासकीय इमारतीत पान बरोबर दिसायला लागलं. हॉस्टेलमध्ये मात्र बुधवारच. मी म्हटलं, जुनं उत्तर साठलेलं असेल, वायफाय बंद करून चालू करा. मुलांनी केलं. बुधवारच. पाऊण तास गेला, मग डोक्यात आलं की हॉस्टेलला भार वाटून द्यायला पहिला सर्व्हर म्हणून ०.५४, म्हणजे १०.२०.०.५४, दिलेला आहे. त्याला थेट विचारलं, तर तो अजून जुनाच पत्ता सांगत होता.

चूक बारीक होती आणि माझी होती. ०.५४ हा दुय्यम सर्व्हर, तो मुख्य सर्व्हरकडून वही उतरवून घेतो. पण उतरवायची की नाही हे तो मजकूर वाचून ठरवत नाही. वहीच्या माथ्यावर एक अनुक्रमांक असतो, सहसा तारीख आणि तिच्यापुढे दोन आकडे. तो वाढलेला दिसला तरच नवी प्रत घेतो. मी ओळ बदलली, अनुक्रमांक वाढवला नाही. दुय्यम सर्व्हरच्या लेखी काही बदललंच नव्हतं. त्याला दोष देता येत नाही. आकडा वाढवला आणि मिनिटभरात हॉस्टेल सोमवारवर आलं.

तरी प्रयोगशाळेतले काही संगणक आणि ग्रंथालयातला एक अडूनच राहिले. बाहेरच्या वहीतला टीटीएल आम्ही ३०० केला होता, पण घरच्या वहीत तो ८६,४०० च होता. या संगणकांनी सकाळी नऊला जुनं उत्तर घेतलं होतं, दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत ते कुणालाच विचारणार नव्हते. सहायक आणि मी एकेका संगणकावर जाऊन साठवलेली उत्तरं पुसायची आज्ञा देत फिरलो. सकाळी टीटीएलवर संशय घेणाऱ्या सहायकाला मी चूक ठरवलं होतं. तो अगदीच चूक नव्हता, हे चालता चालता मला कबूल करावं लागलं. त्याने ते चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगितलं.

तीनला हॉस्टेलची तुकडी बसली. कुणाची परीक्षा बुडाली नाही.

जुन्या यंत्राचं काय करायचं यावर मंगळवारी थोडी तणातणी झाली. एक मत होतं, राहू दे आठवडाभर. माझं मत सोमवारीच बदललं होतं. ते यंत्र शुक्रवारी रात्रीच बंद केलं असतं, तर शनिवारी हॉस्टेलमध्ये पान उघडलंच नसतं, पन्नास मुलांनी बोंब मारली असती आणि रविवारपर्यंत सगळं उलगडलं असतं. पान न उघडणं त्रासदायक असतं, पण ते लपत नाही. जुनं पान शांतपणे उघडत राहतं आणि कुणालाच शंका येत नाही. मंगळवारी संध्याकाळी सहाला मी स्वतः बटण दाबून ते यंत्र बंद केलं.

बुधवारी सकाळी फोन आला, एकच. परीक्षा विभागातून, त्याच मॅडम. "सर, माझ्या संगणकावर परीक्षेचं पानच उघडून नाही राहिलं. मोबाइलवर उघडतं."

गेलो. डीएनएस ठीक होता, दोन्ही सर्व्हर बरोबर पत्ता सांगत होते. तरी हा संगणक १०.२०.४.१५ कडेच धावत होता. मग आठवलं, नाव विचारायला बाहेर पडायच्या आधी प्रत्येक संगणक आपल्या पोटातली एक छोटी फाइल वाचतो. होस्ट्स तिचं नाव. १९८३ च्या आधी सगळं जग जिच्यावर चालायचं त्या फाइलची ही नात. उघडली. शेवटच्या ओळीत कुणीतरी कधीतरी, बहुधा आतून पान उघडत नव्हतं त्या काळात, हाताने लिहून ठेवलं होतं : १०.२०.४.१५ आणि त्यापुढे परीक्षा.अमुक.एसी.इन.

"म्हणजे शनिवारी ऑफिसातून पाहिलं असतं तर मलाही जुनंच दिसलं असतं?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"बरं झालं घरून पाहिलं," असं म्हणून त्यांनी खुर्ची सरकवून मला जागा दिली. मी ती ओळ पुसली, फाइल जतन केली आणि पान उघडलं.